चेकनाका, चेकबुक आणि चौकडीचा शर्ट

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. नोकरी नवीन आहे. परवा ‘चेक युअर आन्सर्स’ हे वाक्य समजावताना मी फळ्यावर ‘चेक म्हणजे तपासणे’ असं लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील ट्रक चालवतात. म्हणाला, “बाई, चेकनाक्यावरला चेक, बँकेतला चेक आन् ह्याच्या शर्टावरले चेक्स, सगळे एकच का येगळे येगळे?” वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून सोमवारी सांगते म्हणाले. शिक्षक खोलीत आमच्या एका ज्येष्ठ सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “इंग्रजीला ना आगा ना पीछा. पाठ करून घ्या, मार्क पडतात.” दुसरी अडचण अशी, की याच सरांनी शाळेच्या दर्शनी फलकावर लिहिलंय, ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारी दिशांनी येते ती बातमी.’ मोबाईलवर आलेला मजकूर आहे. मला तो खरा वाटत नाही, पण वयाने आणि अनुभवाने ते मोठे आहेत. बोलावं का? आणि त्या मुलाला काय सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगा, की तू विचारलेले तिन्ही चेक मुळात एकच आहेत आणि तुझी शंका अगदी रास्त होती. मग विचारा, बुद्धिबळ कोणाकोणाला येतं? दोन-चार हात वर होतील. 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव घेतलंत, तर आणखी काही मुली सावरून बसतील. ज्यांना खेळ येतो त्यांना विचारा, समोरच्याच्या राजावर मारा केला की तोंडाने काय म्हणता? उत्तर येईल, “शह!” तुमचा धडा तिथेच सुरू होतो. इंग्रजीतला चेक म्हणजे हाच शह. अर्थ तर तोच आहेच, शब्दही तोच आहे.

फारसीत राजाला शाह म्हणतात. पातशहा, शाही, शहाजादा हे शब्द आपल्याकडे तिथूनच आले. आपला चतुरंग हा खेळ साधारण सहाव्या शतकाच्या सुमारास इराणात गेला, तिथे त्याचं नाव चतरंग झालं. पुढे अरबांनी इराण जिंकलं आणि त्यांच्या तोंडी ते शतरंज झालं. इराणी खेळाडूंची एक रीत होती. समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ म्हणायचं, म्हणजे ‘राजा सांभाळ’ असं त्याला बजावायचं. दहाव्या शतकापर्यंत खेळ अरबांबरोबर स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात पोचला होता, आणि खेळाबरोबर ही हाकही गेली. लॅटिन लिहिणाऱ्यांनी तिचं ‘स्काकुस’ केलं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झालं. नॉर्मन राजवटीत फ्रेंच इंग्लंडात रुजली, तेव्हा पुढचा ‘ए’ गळाला आणि ‘चेक’ उरला. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो दिसू लागतो. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन इंग्रजांनी खेळाचं नाव म्हणून घेतलं, ते म्हणजे ‘चेस’. शब्दशः अर्थ लावायचा तर चेस म्हणजे ‘शाह’चं अनेकवचन, ‘राजे’.

आपल्याकडे मात्र हा शब्द एवढा फेरा मारून आला नाही. फारसीशी मराठीचा शेकडो वर्षांचा घरोबा, त्यामुळे आपल्याला तो जवळजवळ जसाच्या तसा मिळाला. राजकारणाच्या बातम्यांत रोज वाचतो ते शह-काटशह याच पटावरचं. ‘शाह मात’मधला दुसरा शब्दही आपल्या बोलण्यात इतका मुरला, की ‘संकटावर मात केली’ म्हणताना कुणाला बुद्धिबळ आठवत नाही. इंग्रजीतलं ‘चेकमेट’ ते हेच. त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सांगतात, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. पण फारसीत मात म्हणजे हतबल, निरुपाय असाही अर्थ आहे, आणि पटावर घडतं ते नेमकं तसंच. राजाला कुणी उचलून बाहेर ठेवत नाही, त्याला हलायला जागा उरत नाही एवढंच. मुलांना दोन्ही सांगा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इराणी ‘शाह’ आणि संस्कृतातला ‘क्षत्र’ हे दोन्ही राज्य करणे या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपाशी जातात, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘शहर’ हा फारसी शब्दही त्याच कुळातला, त्याचा जुना अर्थ ‘राज्य’. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात ज्याचं नाव कोरलेलं आहे त्या नहपानाची ‘क्षत्रप’ ही पदवीसुद्धा याच घराण्यातली. इतिहासाच्या तासाला सातवाहन शिकवणाऱ्या बाईंना हे जरूर सांगा.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. राजाला घातलेली हाक थेट ट्रकच्या कागदपत्रांपर्यंत कशी पोचली?

हे तोंडी सांगू नका, पटावर दाखवा. पट नसेल तर फळ्यावर चौसष्ट घरं आखा. काळ्याच्या राजासमोर सरळ रेषेत पांढऱ्याचा हत्ती ठेवा, मधली घरं मोकळी. एखाद्या मुलाला काळ्याच्या बाजूने बसवा आणि विचारा, आता काय खेळशील? त्याच्या मनात घोडा पुढे काढायचा असेल, वजिराने एखादं प्यादं टिपायचं असेल. त्यातलं काहीही त्याला करता येणार नाही. एक तर राजा बाजूला घ्यायचा, किंवा मध्ये मोहरा घालायचा, किंवा हत्तीच मारायचा. चौथी गोष्ट नाही. त्याचे सगळे बेत जागच्या जागी थांबले. इंग्रजीने पटावरून उचलला तो हा थांबण्याचा अर्थ. कशाचाही वेग अचानक अडवणं, रोखून धरणं म्हणजे चेक. रागाला आवर घालणं, खर्चाला लगाम लावणं, साथ पसरू न देणं, या सगळ्याला इंग्रजीत ‘कीप इन चेक’ म्हणतात. नागरिकशास्त्रात मोठ्या वर्गांना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ भेटतं. संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना मोकाट सुटू द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. तिथे चेक म्हणजे तपासणी समजून बसलेली कॉलेजातली मुलंही सापडतात. तिथे ‘शह’ हा शब्द ठेवून पाहा, कल्पना चटकन उलगडते.

रोखण्यातून तपासणं निघालं ते बरंच नंतर, सतराव्या शतकाच्या सुमारास. हिशेबातली चूक किंवा लबाडी रोखायची तर एक नोंद दुसरीशी ताडून पाहावी लागते. आधी ताडून पाहणं हे रोखण्याचं साधन होतं, होता होता त्यालाच चेक म्हणू लागले. तुम्ही फळ्यावर लिहिलेला अर्थ तो हाच, आणि आज तोच सगळ्यांत जास्त वापरात आहे. म्हणून तो आधी सांगितलात यात काही चुकलं नाही.

चेकनाक्यावर हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. आडवा दांडा गाडी अडवतो, मग माणूस कागद तपासतो. पहिलं चेक, दुसरंही चेक. त्या मुलाने वडिलांबरोबर हे पाहिलेलं असणार, त्यालाच वर्गात सांगू द्या की नाक्यावर आधी काय होतं आणि नंतर काय. मुंबईत मुलुंडला जकात घेत तो चेकनाका प्रसिद्ध आहे. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात बंद झाली, तरी लोक रिक्षावाल्याला ‘चेकनाका’ असंच सांगतात. अडवणारं आणि तपासणारं कुणी उरलं नाही, पण शब्द राहिला.

शर्टाची वाट वेगळी. ती राजापासून निघत नाही, राजाच्या पटापासून निघते. जुन्या फ्रेंचमध्ये पटाला ‘एशेकिये’ म्हणत, त्याचं इंग्रजीत ‘चेकर’ झालं. पटासारखी चौकोनी घरं ज्या कापडावर, ते चेकर्ड. तेच तोकडं होऊन चेक्स. मोटारींच्या शर्यतीत शेवटी फडकतो तो काळ्यापांढऱ्या घरांचा झेंडाही चेकर्डच. शर्टाविषयी एवढं पुरे.

बँकेतल्या चेकला मात्र वेळ द्या, कारण त्यात दोन्ही वाटा एकत्र येतात. त्यासाठी बाराव्या शतकातल्या इंग्लंडात जावं लागतं.

राजाचा महसूल गोळा करणारे जिल्ह्याजिल्ह्याचे अधिकारी असत, त्यांना शेरीफ म्हणत. वर्षातून दोनदा, एकदा ईस्टरला आणि एकदा सप्टेंबरअखेरीस मायकेलमसच्या सणाला, त्यांनी हजर होऊन हिशेब द्यायचा. आकडे रोमन. एक्स, व्ही आणि आय घेऊन कागदावर मोठी वजाबाकी करून पाहा, म्हणजे त्यांची अडचण कळेल. त्यावर उपाय म्हणून हिशेब मेजावर मांडून दाखवत. मेज साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. वरचं काही घरंगळून पडू नये म्हणून त्याला चारी बाजूंनी चार बोटं उंचीची कड. त्यावर काळं कापड अंथरलेलं, कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतराने पट्टे. हे कापड ईस्टरच्या बैठकीला विकत आणत. पट्ट्यांमधल्या रकान्यांना किंमत ठरलेली. उजवीकडून पहिला पेनींचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, पुढे वीस-वीस पौंडांचा, मग शेकड्यांचा, हजारांचा. आपल्याकडे जुनी माणसं ‘तीन विसा’ म्हणून मोजत, तशीच ही विसांची मोजणी. शेरीफकडून यायची रक्कम नाण्यांच्या ढिगांनी वर मांडायची, त्याने भरलेली तिच्याखाली, आणि वरच्यातून खालची वजा करत जायची. मोजणारा मेजाच्या लांब बाजूला मध्यभागी बसे, म्हणजे त्याचा हात सगळ्यांना दिसे. एखाद्या रकान्यात काही नसेल तर तो नुसता मोकळा राही. शून्याचं काम ती मोकळी जागा करायची.

हे मेज दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्याचं लॅटिन नाव पडलं ‘स्काकारियम’, म्हणजे पट. त्याचं इंग्रजीत झालं ‘एक्सचेकर’. मेजाचं नाव खात्याला लागलं, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. म्हणजे पटाचा कारभारी!

मेजाचं एवढं बारीक वर्णन आपल्याला मिळतं, कारण राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकाच्या अखेरीस ते लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. तुम्हाला हे मुद्दाम सांगतेय, कारण तो ग्रंथ गुरू-शिष्य संवादाच्या रूपात आहे. त्यात शिष्य आधी विचारतो, एक्सचेकर म्हणजे काय? मग विचारतो, हे नाव कशावरून पडलं? गुरू सांगतो, की यापेक्षा खरं कारण आत्ता तरी मला सुचत नाही, पण ते पटासारखं दिसतं म्हणून. आणि पुढे म्हणतो, पटावर जशी राजाराजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची. तुमच्या मागच्या बाकावरून आला तो प्रश्न जवळजवळ साडेआठशे वर्षांपूर्वी एका राज्याच्या खजिनदाराला पुस्तकात घ्यावासा वाटला होता. त्या मुलावर वर्ग हसला असेल, तर वर्गाला हे नक्की सांगा.

आता चेकबुक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पैशांच्या कागदाची जी स्थळप्रत मागे ठेवून घेत, तिला चेक म्हणत. कागद परत आला की तो स्थळप्रतीशी जुळवून पाहायचा, म्हणजे खाडाखोड किंवा बनावट रोखली जाई. इथे पुन्हा तोच रोखण्याचा अर्थ. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्थळप्रतीचं नाव मूळ कागदालाच लागलं. स्पेलिंग मात्र बराच काळ डळमळीत होतं. अमेरिकेत सी-एच-ई-सी-के हेच राहिलं. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात सी-एच-ई-क्यू-यू-ई हे रूप स्थिरावलं, आणि त्यामागे एक्सचेकरच्या स्पेलिंगचा प्रभाव मानतात. म्हणजे अर्थ आला रोखण्यातून आणि अक्षरं आली पटावरून. आपल्या बँका ब्रिटिश वळणाच्या, म्हणून आपल्या चेकबुकावर क्यू असतो. मुलांच्या हाती एखादं जुनं चेकबुक द्या. त्यातली डावीकडची स्थळप्रत दाखवा, ते स्पेलिंग वाचायला लावा. फार तर दहा मिनिटं लागतील.

राहिलेले अर्थ चटकन होतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वेवर सामान ताब्यात घेताना बिल्ला देत, नंतर बिल्ला जुळवून सामान परत. त्या बिल्ल्यालाही चेक म्हणत. सामान ‘चेक’ करणं म्हणजे सोपवणं, हा विमानतळावरचा अर्थ त्यातला. अमेरिकेतच बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की तिकिटाचा तुकडा पुढच्या सामन्याला चाले, त्यावरून आमंत्रण पुढे ढकलताना ‘रेन चेक’ म्हणतात. बरोबर उत्तराला करतो त्या खुणेला ब्रिटिश ‘टिक’ म्हणतात, अमेरिकन ‘चेक’. सातवीला यातलं काही सांगायची गरज नाही. सातवीला पट, नाका, शर्ट आणि चेकबुक एवढं भरपूर झालं.

सरांच्या ‘पाठ करून घ्या’विषयी. त्यांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नाही. ‘चेक इन’, ‘चेक आउट’, ‘चेक अप’ ही रूपं शेवटी कानावर पडून आणि वापरूनच येतात. शब्दाचा इतिहास ठाऊक असला तरी सराव चुकत नाही. आणि इतिहासावरून आजचा अर्थ ठरतही नाही. ‘नाइस’ हा शब्द ‘अजाण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत मूर्ख या अर्थी वापरत. तरी आज कुणाला नाइस म्हटल्यावर तो रागावत नाही. परीक्षेत चेकचा अर्थ विचारला तर ‘तपासणे’ लिहायचं, ‘इराणचा राजा’ लिहायचं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण ‘इंग्रजीला ना आगा ना पीछा’ हे मला अजिबात मान्य नाही. खेड्यातल्या मुलाच्या मनात आधीच भीती असते, की ही भाषा आपली नाही, तिच्यात आपल्याला काही कळण्यासारखं नाही. तिला आगापीछाच नाही असं शिक्षकांनी सांगितलं, की त्या भीतीवर शिक्का बसतो. उलट ‘शह’ आणि ‘चेक’ एकच आहेत हे कळलेलं मूल पुढचा शब्द आला की स्वतःहून विचारतं, हा कुठून आला असेल? असं विचारणाऱ्या मुलाला पाठांतरही जड जात नाही.

आता फलक. तुमची शंका बरोबर आहे. न्यूजचा दिशांशी काही संबंध नाही. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्येही ‘नवं’ या शब्दावरूनच बातमीचा शब्द झाला, इंग्रजीने त्याच धर्तीवर केलं. आपणही भेटल्यावर ‘काय नवीन?’ असंच विचारतो. जुन्या इंग्रजी लेखनात या शब्दाला मध्ये आणखी एक ‘ई’ लागलेला सापडतो, तेव्हा चार अक्षरांच्या चार दिशा जुळतच नाहीत. अशा मजकुरांसाठी एक कसोटी ध्यानात ठेवा. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड करून कुणी अर्थ सांगत असेल, तर आधी संशय घ्यायचा.

सारखा आवाज हा दुसरा सापळा. ‘शाह’ची गोष्ट सांगितल्यावर एखादं मूल विचारेल, मग शहाणा म्हणजे राजासारखा का? नाही. शहाणा आला ‘सज्ञान’वरून. शाहीरही शाहचा नातलग नाही, तो अरबी ‘शाइर’पासून, म्हणजे कवी. मुलांनी असे अंदाज बांधावेत, बांधू द्या, फक्त कोशात पाहिल्याशिवाय फळ्यावर चढवायचे नाहीत. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश आहे. त्यात प्रत्येक अर्थाखाली तो कोणत्या साली कुठे सापडला याचे दाखले असतात. इंटरनेटवर डग्लस हार्पर यांचा व्युत्पत्तिकोश फुकट पाहता येतो. मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ तालुक्याच्या ग्रंथालयात मिळतो का पाहा.

सरांशी बोला, जरूर बोला, पण फलकापाशी उभ्या राहून नको, आणि शिक्षकांच्या बैठकीत तर नकोच. दुपारच्या सुट्टीत ते एकटे असताना कोशातली नोंद मोबाईलवर उघडून त्यांच्यासमोर ठेवा. म्हणा, “सर, मुलांनी मला न्यूजबद्दल विचारलं तर काय सांगू म्हणून बघत होते, तर इथे असं दिलंय.” एवढंच. तुमचं चुकलं हे वाक्य तुम्ही उच्चारायची गरज नाही, नोंद वाचून त्यांचं त्यांना कळेल. आणि एक बघा ताई, ‘पाठ करून घ्या’ म्हणणाऱ्या याच माणसाला एका शब्दाची गोष्ट आवडली आणि ती मुलांना कळावी म्हणून त्याने खडू हातात घेतला. त्यांनाही ही ओढ आहे, त्यांच्या हाती चुकीचा मजकूर लागला इतकंच. त्यांना विचारा, दर आठवड्याला फलकावर एका शब्दाची खरी गोष्ट लिहूया का? शब्द तुम्ही निवडा, मी कोशात पाहून देते. अक्षर त्यांचंच राहू द्या. तरीही त्यांनी नाही म्हटलं, तर फलक सोडून द्या. तुमच्या वर्गात तुम्ही बरोबर तेच सांगा, सरांचं नाव न घेता. कुठल्या मुलाने ‘फलकावर तर असं लिहिलंय’ म्हटलंच, तर त्याच्यासमोर कोश उघडा आणि त्यालाच वाचू द्या.

फलकासाठी पुढचे दोन शब्द आत्ताच देऊन ठेवते, चेकबुकाला लागूनच आहेत. ‘बँक’ आला इटालियन ‘बांका’वरून, म्हणजे सराफाचं बाकडं. ‘बजेट’ आलं कातडी पिशवी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून.

आणि सोमवारी आणखी एक प्रश्न हमखास येईल, नकाशा भिंतीवर असेल तर नक्कीच. “बाई, मग चेक प्रजासत्ताकातला चेक?” तो वेगळा. स्पेलिंग सी-झेडने सुरू होतं, ते पोलिश वळणाचं आहे, आणि ते त्या लोकांचं स्वतःचं स्लाव्ह नाव आहे. शाहशी किंवा पटाशी त्याचा काही संबंध नाही.